खिडकीतून दिसणारा विमानाचा पंख नेमका कोणी घडवला?

विमानात खिडकीजवळची सीट मिळाली की आपण पहिलं काम काय करतो? फोन काढतो आणि पंखाचा फोटो घेतो. खाली ढग, बाजूला ऊन आणि कोपऱ्यात पंखाचं ते वर वळलेलं टोक. तुमच्या गॅलरीत हा फोटो नसेल, तर एखाद्या मित्राच्या स्टेटसला तरी नक्की पाहिला असेल.

आता तो फोटो जरा झूम करा. पंखाचं टोक वर का वळलंय? पंख पुढून जाड आणि मागे पातळ का आहे? आणि पायलटने कॉकपिटमध्ये छोटी दांडी हलवली की एवढ्या लांबचा तो मागचा पट्टा कसा हलतो?

उत्तर सोपं वाटतं: विमान बनवणाऱ्या कंपनीने शोधलं असेल! पण गंमत अशी की या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी जाऊन बघितलं, तर तिथे एक सरकारी प्रयोगशाळा सापडते. लोकांच्या टॅक्सच्या पैशावर चालणारी, एकही विमान न विकणारी. आज तिचीच गोष्ट बघू.

सुरुवात: १२ माणसं आणि ५,००० डॉलर

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला अमेरिकेत पहिलं विमान उडवलं, हे आपण शाळेत शिकलो. पुढचा भाग शाळेत सांगत नाहीत. पुढच्या दहा वर्षांत अमेरिका विमानांच्या बाबतीत मागे पडली. फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये सरकारं प्रयोगशाळा उभारत होती आणि तिथली विमानं झपाट्याने सुधारत होती. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा फरक उघडा पडला.

मग ३ मार्च १९१५ ला अमेरिकेच्या संसदेने एक समिती मंजूर केली. तीसुद्धा स्वतंत्र कायद्याने नाही, नौदलाच्या खर्चाच्या विधेयकाला शेपूट म्हणून जोडून! १२ सदस्य, कोणालाही पगार नाही आणि वर्षाचं बजेट ५,००० डॉलर. नाव होतं नॅशनल ॲडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्स, म्हणजे एनएसीए.

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी आयटीत (ही कथा महाराष्ट्रात घरोघरी आहे). कॉलेजात आम्ही या नावाला सरळ ‘नाका’ म्हणायचो. असाइनमेंटसाठी ‘नाका २४१२’ नावाची आकड्यांची फाइल फुकट डाउनलोड करायची, सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, रंगीत चित्रं काढायची आणि सबमिट. ते आकडे कोणी, कधी, का काढले हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. तो पडायला हवा होता.

छोट्या मॉडेलची मोठी अडचण

समितीने व्हर्जिनिया राज्यात हॅम्पटन इथे लँग्ली नावाची प्रयोगशाळा उभी केली आणि तिथे विंड टनेल बांधले. विंड टनेल म्हणजे मोठा बोगदा, ज्यात पंख्याने जोरात हवा सोडतात. विमानाने हवेतून जाण्याऐवजी हवाच मॉडेलवरून जाते आणि मॉडेलवर किती जोर पडतो ते मोजता येतं.

पण एक अडचण होती. बोगद्यात पूर्ण विमान मावत नाही, म्हणून छोटं मॉडेल ठेवावं लागतं. आणि छोट्या मॉडेलवर मिळालेले आकडे खऱ्या विमानाला लागू पडत नाहीत. का? कारण हवेलाही थोडा चिकटपणा असतो. मोठ्या वस्तूला तो फारसा जाणवत नाही, पण वस्तू जितकी लहान, तितकी तिला हवा दाट वाटते. अगदी बारीक किडे हवेत उडण्यापेक्षा पोहतात असं म्हटलं तरी चालेल. हा फरक मोजणाऱ्या आकड्याला रेनॉल्ड्स नंबर म्हणतात.

उपाय शोधला मॅक्स मुंक या जर्मनीहून आलेल्या शास्त्रज्ञाने. त्याचं डोकं असं चाललं: मॉडेल खऱ्या विमानाच्या विसाव्या भागाएवढं आहे ना? मग हवा वीसपट दाबून भरा! आकार २० ने कमी, घनता २० ने जास्त, हिशोब बरोबर. त्यासाठी जहाजं बांधणाऱ्या यार्डमधून जाड पोलादाची प्रचंड टाकी बनवून घेतली आणि अख्खा विंड टनेल त्या टाकीत बसवला. १९२२-२३ च्या सुमारास हे यंत्र सुरू झालं. आता छोट्या मॉडेलवर मिळालेले आकडे मोठ्या विमानासाठी वापरता येऊ लागले. जे युरोपकडे नव्हतं ते अमेरिकेकडे आलं.

जगाला फुकट मिळालेली लायब्ररी

पंख आडवा कापला तर जो आकार दिसतो त्याला एअरफॉइल म्हणतात. त्या काळी प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने तो आकार ठरवायची. लँग्लीच्या लोकांनी वेगळा मार्ग घेतला. एक मूळ आकार घेतला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले: कधी जाडी, कधी बाक, कधी बाकाची जागा. असे ७८ आकार त्या टाकीत तपासले आणि १९३३ मध्ये सगळे निकाल एका अहवालात छापले.

प्रत्येक आकाराचं नाव चार आकडी. हे कोडं सोडवायला मजा येते, म्हणून २४१२ बघू:

– पहिला २: पंखाचा बाक, पंखाच्या रुंदीच्या २ टक्के.
– मग ४: सगळ्यात जास्त बाक कुठे? पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर.
– शेवटचे १२: जास्तीत जास्त जाडी, रुंदीच्या १२ टक्के.

म्हणजे नावातच अख्खं डिझाइन! आम्ही डेव्हलपर लोक व्हेरिएबलला ‘टेम्प२’, ‘फायनल_नवीन’ अशी नावं देतो, त्यांनी यातून शिकण्यासारखं आहे.

आता इंजिनिअरने फक्त तक्ता उघडायचा, हवा तो पंख निवडायचा आणि कामाला लागायचं. आजच्या भाषेत ही ओपन सोर्स लायब्ररी होती. कोणीही वापरा, स्पर्धक असलात तरी वापरा. पायलट होण्यासाठी जगभरात, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलमध्येही, ज्या सेसना १७२ वर लोक शिकतात, तिच्या पंखाचा पाया हाच २४१२ आहे. ते विमान पहिल्यांदा उडालं १९५५ मध्ये आणि नवीन सेसना १७२ आजही बनतात.

इंजिनाला टोपी घातली आणि वेग वाढला

दुसरी गोष्ट याहून साधी. १९२० च्या दशकातल्या बऱ्याच विमानांत इंजिनाचे सिलिंडर गोलाकार मांडलेले असायचे आणि ते सरळ उघडे ठेवायचे, हवेने थंड राहावेत म्हणून. पण उघड्या सिलिंडरांवर हवा आदळून प्रचंड अडथळा व्हायचा. झाकावं तर इंजिन तापेल ही भीती, आणि न झाकावं तर वेग मिळत नाही.

लँग्लीत दरवर्षी विमान कंपन्यांना बोलवून ‘तुमचं कुठे अडतंय?’ असं विचारायची पद्धत १९२६ पासून सुरू झाली होती. कंपन्यांनी हा प्रश्न मांडला. फ्रेड विक आणि त्याच्या टीमने सहा मीटर व्यासाच्या नव्या विंड टनेलमध्ये खरंखुरं इंजिन बसवलं आणि वेगवेगळी झाकणं घालून बघितली. एक जमलं नाही की दुसरं, मग तिसरं. शेवटी असं झाकण सापडलं की त्याने अडथळाही कमी केला आणि आतली हवा नेमकी गरम भागांवरून फिरवून इंजिन थंडही ठेवलं.

एका लष्करी विमानावर ते लावून बघितलं. वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला, म्हणजे साधारण १९० किलोमीटरवरून २२० वर. इंजिन तेच, फक्त पत्र्याची टोपी नवी! १९२९ सालासाठी या कामाला अमेरिकेतला विमान क्षेत्रातला मानाचा कॉलिअर पुरस्कार मिळाला.

ही टोपी आणि एनएसीएचा पंख या दोन्ही गोष्टी १९३५ मध्ये उडालेल्या डग्लस डीसी-३ मध्ये एकत्र आल्या. त्याच विमानाचं लष्करी रूप आपण डाकोटा म्हणून ओळखतो. २७ ऑक्टोबर १९४७ ला भारतीय जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेली विमानं डाकोटाच होती.

व्हिटकॉम्ब: हातात कानस घेतलेला शास्त्रज्ञ

आता तुमच्या फोटोतल्या त्या वळलेल्या टोकाकडे येऊ. त्यामागे रिचर्ड व्हिटकॉम्ब नावाचा माणूस आहे. लँग्लीत १९४३ पासून नोकरी. विंड टनेलमधलं मॉडेल मनासारखं नसेल तर स्वतः कानस घेऊन घासत बसणारा.

१९५० च्या सुमारास एक प्रश्न सगळ्यांना छळत होता. विमान ध्वनीच्या वेगाजवळ आलं की हवेचा अडथळा एकदम उसळायचा. कॉनवेअर कंपनीचं एफ-१०२ हे लढाऊ विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठीच बनवलं होतं, पण पहिलं मॉडेल ती रेषा सरळ उड्डाणात ओलांडूच शकलं नाही. व्हिटकॉम्बचं म्हणणं असं होतं की त्या वेगाला हवा पंख वेगळा आणि धड वेगळं असं बघत नाही. पुढून मागे एकूण आडवा छेद किती बदलतो, ते बघते. मग जिथे पंख जोडलाय तिथे धड बारीक करा. थोडक्यात, विमानाची कंबर आवळा. कंबर आवळलेलं एफ-१०२ डिसेंबर १९५४ मध्ये ध्वनीचा वेग ओलांडून गेलं. याला एरिया रूल म्हणतात.

१ ऑक्टोबर १९५८ ला एनएसीए संपली आणि तिच्या जागी नासा आली. हो, चंद्रावर माणूस पाठवणारी नासा. तिच्या नावातला पहिला ‘ए’ एरोनॉटिक्सचा आहे, हे आपण विसरतो.

व्हिटकॉम्ब तिथेच काम करत राहिला. आधी त्याने पंखाचा नवा आकार काढला: वरून चपटा, मागे खालच्या बाजूने बाकदार. प्रवासी विमान ध्वनीच्या साधारण ८० टक्के वेगाने जातं, पण पंखावरून जाणारी हवा त्याहून वेगाने धावते आणि ध्वनीचा वेग ओलांडते. तिथे धक्का बसून इंधन वाया जातं. नव्या आकाराने हा धक्का सौम्य केला. १९७१ मध्ये तो पंख खऱ्या विमानावर उडवून बघितला. आजच्या जेट प्रवासी विमानांचे पंख याच विचारातून आलेले आहेत.

मग आलं १९७३ चं तेलसंकट. इंधनाचे भाव भडकले आणि थेंब थेंब वाचवायची वेळ आली. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. त्यामुळे टोकापाशी खालची हवा वळून वर जाते आणि भोवरा तयार होतो. तो भोवरा सतत विमानाला मागे खेचतो. टोकाला उभी फळी लावायची कल्पना जुनी होती, पण फळीचाच अडथळा इतका व्हायचा की फायदा उरायचा नाही. व्हिटकॉम्बने त्या टोकाला छोट्या पंखासारखाच नीट आकार दिला आणि १९७६ मध्ये निकाल छापले. १९७९-८० मध्ये एका मोठ्या लष्करी टँकर विमानावर चाचण्या झाल्या आणि सुमारे ६ ते ७ टक्के फायदा दिसला. त्या टोकाचं नाव विंगलेट.

आज एअरबस ए३२० वर दिसणाऱ्या उंच टोकांना कंपनी शार्कलेट म्हणते आणि लांबच्या प्रवासात ४ टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असं सांगते. ४ टक्के म्हणजे किरकोळ वाटतं? तेच विमान दिवसातून चार-पाच फेऱ्या मारतं आणि वीसेक वर्षं उडतं. आता गुणाकार करा.

४ केबी रॅमवर उडालेलं विमान

हा भाग माझा सगळ्यात आवडता, कारण इथे कोड आहे.

पूर्वी पायलटची दांडी आणि पंखाचे हलणारे भाग यांच्यामध्ये केबल, दांडे आणि तेलाच्या नळ्या असायच्या. नासाच्या इंजिनिअरना वाटलं, हे सगळं काढून मध्ये कॉम्प्युटर बसवू. पायलट काय करायचंय ते सांगेल, कॉम्प्युटर हिशोब करेल आणि तारेतून सिग्नल जाईल. म्हणून नाव फ्लाय-बाय-वायर. पण १९७० मध्ये विमान चालवायला भरवशाचा डिजिटल कॉम्प्युटर आणायचा कुठून?

उत्तर दिलं नील आर्मस्ट्राँगने. चंद्रावरून परतल्यावर तो नासाच्या वॉशिंग्टन ऑफिसात विमान संशोधनाचं काम बघत होता. अपोलोचा कॉम्प्युटर घ्या की, असं त्याने सुचवलं. तो स्वतः त्याच्याच भरवशावर चंद्रावर जाऊन आला होता, तेव्हा वाद घालणार कोण!

त्या कॉम्प्युटरची रॅम होती साधारण ४ केबी. तुमच्या फोनमधला एक साधा स्टिकर यापेक्षा मोठा असतो. प्रोग्रॅम अक्षरशः तारांनी विणलेला असायचा, म्हणजे बग सापडला तर पुन्हा विणकाम. २५ मे १९७२ ला गॅरी क्रिअर या पायलटने हा कॉम्प्युटर बसवलेलं एफ-८ विमान उडवलं. जुन्या केबल आणि दांडे काढून टाकले होते. बॅकअप म्हणून होती फक्त दुसरी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम. आपण शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोड टाकायला घाबरतो, आणि हा माणूस त्या कोडवर बसून हवेत गेला.

पुढच्या टप्प्यात तीन कॉम्प्युटर आले. तिघांनी उत्तर काढायचं आणि एकाचं वेगळं आलं तर दोघांचं मानायचं. हे प्रयोग १९८५ पर्यंत चालले. १९८८ मध्ये एअरबस ए३२० प्रवाशांसाठी सुरू झालं, डिजिटल फ्लाय-बाय-वायर असलेलं पहिलं प्रवासी विमान. एअरबसने नासाची नक्कल केली असं मुळीच नाही, त्यांचं स्वतःचं मोठं काम होतं आणि त्यामागेही युरोपातल्या सरकारांचा पैसा होता. पण कॉम्प्युटरच्या भरवशावर विमान सुरक्षित उडू शकतं, हा पुरावा तोवर जगासमोर आलेला होता.

मग सरकारी संशोधन नेहमीच भारी?

नाही. एनएसीएची एक चूक इतिहासात ठळकपणे नोंदलेली आहे: जेट इंजिन! ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल १९३० पासून त्यावर धडपडत होता. जर्मनीत २७ ऑगस्ट १९३९ ला पहिलं जेट विमान उडालं. त्या वेळी एनएसीए जुन्या प्रकारच्या विमानांना थोडं थोडं सुधारण्यात गुंतलेली होती. शेवटी १९४१ मध्ये अमेरिकेला व्हिटलचं इंजिन ब्रिटनकडून मागवून घ्यावं लागलं.

दुसरी गोष्ट लाजिरवाणी. विंड टनेलमधून येणारे हजारो आकडे हाताने सोडवायला लँग्लीत गणित शिकलेल्या महिला होत्या. त्यांच्या हुद्द्याचं नावच ‘कॉम्प्युटर’ होतं. त्यातल्या कृष्णवर्णीय महिलांना वेगळ्या विभागात बसवलं जायचं, जेवायचं टेबलही वेगळं. डोरोथी व्हॉन आणि कॅथरिन जॉन्सन त्यातल्याच. ‘हिडन फिगर्स’ हा सिनेमा बघितला असेल तर तुम्हाला हे आठवेल.

पण मग कंपन्यांनीच का नाही केलं?

समजा तुमची विमान कंपनी आहे. तुम्ही कोट्यवधी खर्च करून शेकडो झाकणं तपासली आणि एक चांगलं सापडलं. ते विमान धावपट्टीवर उभं राहिलं की शेजारची कंपनी बघणार आणि तसंच बनवणार. शिवाय जी झाकणं फसली त्यांचा खर्चही तुमच्याच डोक्यावर. मग इतके प्रयोग करेल कोण? प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसणार.

असं ज्ञान सगळ्यांच्या कामाचं असतं, पण एकट्याला परवडत नाही. म्हणून त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून करावा लागतो, आणि त्याचंच नाव टॅक्स. त्यात फसलेल्या प्रयोगांचे आकडेही छापले जातात, म्हणजे दुसरा तीच चूक करत नाही.

हे अमेरिकेपुरतं नाही, याचा धडा आपल्याला महागात मिळालाय. आपलं तेजस विमान फ्लाय-बाय-वायरशिवाय उडूच शकत नाही, कारण ते मुद्दाम अस्थिर डिझाइन केलंय, चपळ राहावं म्हणून. त्याच्या कंट्रोल सिस्टीमचं काही काम अमेरिकन कंपनीबरोबर चालू होतं. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले आणि तिथे काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरना परत पाठवण्यात आलं. दार एका दिवसात बंद! पुढचं काम इथेच पूर्ण करावं लागलं. ते होऊ शकलं, कारण सरकारने १९५९ मध्ये सुरू केलेली नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज बंगळुरूत होती आणि तेजसचे कंट्रोल लॉ लिहिणारी टीम तिच्याच पुढाकाराने तयार झाली होती. तेजस ४ जानेवारी २००१ ला उडालं, चार समांतर डिजिटल चॅनेलच्या भरवशावर.

म्हणजे छापलेलं ज्ञान सगळ्यांना मिळतं, पण न छापलेलं ज्ञान कधीही अडवलं जाऊ शकतं. ते स्वतः मिळवायचं तर प्रयोगशाळा गरज पडण्याच्या चाळीस वर्षं आधी सुरू केलेली असावी लागते. व्हिटकॉम्बचं विंगलेट कागदावरून सर्रास सगळ्या विमानांवर यायलाही वीसेक वर्षं गेलीच.

पुढच्या वेळी ‘सरकार संशोधनावर एवढा पैसा का घालवतं, त्यातून मिळतं काय’ असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका. फोन काढा, गॅलरीत तो खिडकीतला फोटो शोधा आणि पंखाच्या टोकावर बोट ठेवा.